मदत हवी आहे: राजीनामा तोंडी सांगितलाय, ९० दिवस कधीपासून मोजायचे?

चाकणचा_पोरगा (११ मे २०२४)

नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. १ ऑगस्ट २०१९ ला लागलो. आता तळेगावहून ऑफर आलीये. पगार बरा आहे, आणि मुख्य म्हणजे रात्रपाळी नाही. त्यांना मी जूनच्या मध्यापर्यंत हवा आहे.

माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस ९० दिवसांची आहे. ती पूर्ण न केल्यास उरलेल्या दिवसांचं बेसिक (मूळ पगार) भरायचं, तेही कंपनीच्या संमतीने, असं लिहिलंय. २२ एप्रिललाच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं. ते म्हणाले, "लेटर आत्ता टाकू नकोस, जूनमध्ये कस्टमरचं ऑडिट आहे, ते होऊ दे, मग बघू." साहेबांनीच मला व्हर्नियर (मोजमापाचं उपकरण) धरायला शिकवलं, म्हणून मीही गप्प बसलो. परवा एचआरकडे सहज विचारलं, तर म्हणे तुमचा राजीनामा आमच्याकडे आलेलाच नाही! आणि बायआउट करायचं, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटायचं, तर ते ग्रॉसवर (एकूण पगारावर), वर १८ टक्के जीएसटी. बेसिक २८,००० आहे, ग्रॉस ५२,०००.

ते तीन आठवडे धरतील का? आणि साहेबांना न दुखावता लेटर कसं द्यायचं?

रात्रपाळी_बहाद्दर

कसली नोटीस न कसलं काय. पगार झाला की दुसऱ्या दिवसापासून जाऊ नकोस. फोन बंद. कोण काय करतंय?

मीनल_एचआरवाली

वरचा सल्ला कृपया ऐकू नका. असं गायब झालात की रेकॉर्डवर 'ॲबस्काँडिंग' (न सांगता पळाला) असं पडतं, रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) अडकतं आणि तळेगाववाले व्हेरिफिकेशनला फोन करतील तेव्हा तेच ऐकतील. चाकण-तळेगाव पट्ट्यात एचआरवाले एकमेकांना नावानिशी ओळखतात. मी त्यातलीच आहे.

तीन आठवडे विसरा. केबिनमधल्या बोलण्याला तारीख नसते. नोटीस लेखी दिल्या दिवसापासून धरतात. व्हॉट्सॲपवरही टाकू नका. साहेबांना ईमेल, एचआरला सीसी, एक प्रत स्वतःच्या खाजगी मेलवर. मजकूर चार ओळींचा: राजीनामा देतो आहे, आजपासून नोटीस सुरू, कामाचा शेवटचा दिवस अमुक, कृपया पोच द्यावी. कारणं लिहू नका, तक्रारी तर नाहीच. छापील प्रत दिलीत तर दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घ्या.

जीएसटीचं म्हणाल तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२ चं १७८ क्रमांकाचं परिपत्रक आहे. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही. आणि लेटरात बेसिक लिहिलंय तर ग्रॉस कुठून आलं? तोंडी भांडू नका, मेलवर विचारा.

हिशोबी_काका

अरे पोरा, तुझी रुजू तारीख परत वाच. ३१ जुलैला पाच वर्षं भरतात. ग्रॅच्युइटी! पाच वर्षं भरली की सोडताना कंपनीने द्यायची रक्कम.

२८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५. म्हणजे ८०,७६९ रुपये. जूनच्या मध्याला सुटलास तर साठेक दिवसांच्या बायआउटचे ५६,००० खिशातून जाणार आणि ही रक्कमही लटकणार. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तरी चालतं, असं काही उच्च न्यायालयांनी म्हटलंय खरं, पण सगळ्या कंपन्या ते मुकाट्याने मान्य करत नाहीत. ऐंशी हजारांसाठी कोर्टाची पायरी चढणार आहेस का?

म्युनिककर

थोडं अवांतर. इथे जर्मनीत राजीनाम्याचा ईमेल चालतच नाही, कागदावर हाताने सही लागते. मी पहिल्यांदा मेल केला तेव्हा मॅनेजर म्हणाला, "छान, आता पोस्टाने पाठव."

चाकणचा_पोरगा

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं! मंगळवारी, १४ तारखेला दिलं लेटर तर १२ ऑगस्ट येतो. पण तळेगाववाले थांबतील का? आणि साहेबांचं काय?

मीनल_एचआरवाली

विचारून तर बघा. नव्वद दिवसांची नोटीस या पट्ट्यात काही नवलाई नाही. निवड करताना त्यांनी तुम्हाला नोटीस विचारलीच असेल, जूनची तारीख बहुतेक घाई करून बघायची म्हणून दिली असेल.

साहेबांना मेल जाण्याआधी दहा मिनिटं भेटा. त्यांची भीती तुम्ही जाल ही नाही, ऑडिटच्या तोंडावर जाल ही आहे. १२ ऑगस्ट म्हणजे ऑडिट तुमच्याच हातून होतंय, हे पहिल्या वाक्यात सांगा.

चाकणचा_पोरगा (१६ मे)

अपडेट. सोमवारी मतदानाची सुट्टी होती, मंगळवारी सकाळी गेलो. साहेब आधी गप्प. मग म्हणाले, "ऑडिटला आहेस ना? मग दे." प्रतीवर सही केली, चहा मागवला. एचआरची पोच मेलवर आली. तळेगाववाले १६ ऑगस्टला तयार आहेत, कुरकुर केली थोडी.

आता एकच. माझ्या २२ रजा शिल्लक आहेत. एचआर म्हणतंय, नोटीसमधून वजा करून लवकर मोकळे व्हा. घेऊ का?

हिशोबी_काका

१२ ऑगस्टमधून २२ वजा कर बरं. २१ जुलै येतो, म्हणजे ३१ जुलैच्या आधीच, ग्रॅच्युइटी परत लटकली. रजांचे पैसे माग, दिवस नकोत.