मदत हवी आहे: ए-टू लायसन्सवरून फुल ए वर जाताना जुनी स्पोर्ट्स बाईक कोणती घ्यावी? (यूके)

घाटवळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वय २२, मुक्काम लेस्टर. ए-टू लायसन्सला (मर्यादित ताकदीच्या गाड्यांचं) पुढच्या महिन्यात दोन वर्षं पूर्ण होतात, की लगेच फुल ए ची (ताकदीची मर्यादा नसलेलं लायसन्स) परीक्षा देणार आहे. सध्या होंडा सीबी ५०० एफ चालवतो, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर. रोज एम ६९ मोटरवेवरून कॉव्हेंट्री, एका बाजूने २५ मैल, तेही हिवाळा धरून. रविवारी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ रस्त्यांवर. उंची ५ फूट ६ इंच. गाडीसाठी बजेट ६,००० पौंड, विमा वेगळा.

सध्या नजरेत असलेल्या गाड्या:

यामाहा आर सिक्स, २००९, २१,००० मैल, ४,९०० पौंड. घरगुती विक्री. सायलेन्सर बाहेरचा, मूळ सायलेन्सर नाही.
होंडा सीबीआर ६५० आर, २०१९, ११,००० मैल, ५,४०० पौंड. डीलरकडे. ए-टू साठी रिस्ट्रिक्ट केलेली (ताकद कमी केलेली).
यामाहा आर सेव्हन, २०२२, ६,००० मैल, ५,००० पौंड. घरगुती. 'कॅटेगरी एन'.
ट्रायम्फ डेटोना ६७५, २०१०, १८,००० मैल, ४,६०० पौंड.

मन आर सिक्सवर आहे. बघायला जाताना नेमकं काय तपासायचं आणि यातली कुठली सोडून द्यायची, ते सांगा.

टॉर्करेंच

गाडीच्या आधी लायसन्स आणि विमा. भारतात गिअरवाल्या दुचाकीचं लायसन्स एकदा काढलं की त्यावर शंभर सीसीही चालते आणि हजारही. इथे तसं नाही. २४ च्या आत असाल तर ए-टू ला पूर्ण दोन वर्षं व्हावीच लागतात, आणि ती मोजायची ए-टू पास झाल्याच्या तारखेपासून. दोन वर्षं झाली की फुल ए आपोआप मिळत नाही, मॉड्यूल १ आणि मॉड्यूल २ (गाडी चालवण्याच्या परीक्षेचे दोन भाग) पुन्हा द्यावे लागतात. सीबीटी (सुरुवातीचं सक्तीचं प्रशिक्षण) आणि थिअरी पुन्हा नाही. परीक्षेची गाडी किमान ५९५ सीसी आणि ५० किलोवॅटची लागते, तुमची सीबी ५०० चालणार नाही. ट्रेनिंग स्कूलची भाड्याने घ्या.

पास होण्याआधी आर सिक्स विकत घेऊन ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, पण चालवलीत तर लायसन्स नसताना चालवल्यासारखंच, आणि विमाही लागू होत नाही. मग ती व्हॅनमधून आणा, नाहीतर थांबा.

यादीतल्या चारही गाड्यांचे नंबर टाकून आजच विम्याचे कोटेशन काढा. नुसतं मॉडेल टाकून येणारा आकडा आणि त्या विशिष्ट गाडीचा आकडा यांत फरक पडतो. बाहेरचा सायलेन्सर, टेल टायडी (मागच्या नंबरप्लेटचा आखूड ब्रॅकेट), लिव्हर, सगळं जाहीर करा. गाडी रात्री कुठे राहते, साखळी आणि जमिनीतला अँकर आहे का, यावरही बराच फरक पडतो. वय २२ आणि ६०० सीसी सुपरस्पोर्ट हे गणित बहुतेकांचं इथेच अडतं.

सोळा_हजार_आरपीएम

आर सिक्सबद्दल स्पष्ट लिहितो, कारण ही गाडी मला मनापासून आवडते.

तिची खरी ताकद १०,००० आरपीएमच्या वर आहे. एम ६९ वर सहाव्या गिअरमध्ये जाताना तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली असता, आणि तिथे ओढ फारशी नसते. सीटची उंची ८५० मिलिमीटर, हँडल खाली, फूटरेस्ट वर. रोज ५० मैल मनगटावर भार घेऊन जायचं आहे. आणि मुख्य म्हणजे २०१७ च्या आधीच्या आर सिक्सला एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. नोव्हेंबरच्या सकाळी ओल्या रस्त्यावर पुढे ट्रक थांबला की पुढचा ब्रेक किती दाबायचा हे पूर्णपणे तुमच्या दोन बोटांवर. तुमच्या वापरासाठी हाच मुद्दा मी सगळ्यात वर धरेन, हॉर्सपॉवरच्याही वर.

तरी बघायला जाणार असाल तर: टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) साधारण २५,००० मैलांना तपासायचे असतात. ही गाडी २१,००० वर विकायला आलीय, म्हणजे तो खर्च तुमच्या माथी. टाकी, एअरबॉक्स काढून करायचं काम आहे, ४०० पौंडांच्या आसपास धरा. थंड इंजिन चालू केल्यावर उजव्या बाजूने खडखड आली आणि गरम झाल्यावरही राहिली तर टायमिंग चेनचा टेन्शनर. एक्झॉस्टमधला एग्झअप व्हॉल्व्ह (धुराची वाट कमी-जास्त करणारी झडप) हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने जाम होतो. किल्ली ऑन केली की त्याची मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि केबल हलताना दिसते. आवाज नाही, केबल नाही, तर कुणीतरी तो काढून टाकलाय.

किल्ल्या विचारा. यामाहा लाल डोक्याची एक कोडिंगची किल्ली आणि दोन काळ्या देते. नवीन काळी किल्ली इमोबिलायझरला (चोरीविरोधी कुलूप) ओळखवायला लालच लागते. लाल नसेल तर किंमत त्या हिशोबाने पाडा.

ओलीवाट

डेटोना ६७५ चं तीन सिलिंडरचं इंजिन या चौघांत रस्त्यावर सगळ्यात गोड, खालपासून ओढतं. पण त्या वर्षांच्या गाड्यांचा रेक्टिफायर आणि स्टेटर कॉइल (बॅटरी चार्ज करणारे भाग) हा माहीत असलेला दुखरा भाग आहे. मल्टीमीटर घेऊन जा, वीस पौंडांच्या आत मिळतो. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास. चालू करून ५,००० आरपीएमला १३.८ ते १४.५ व्होल्ट. १३ च्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर गेला. रेक्टिफायरचं प्लग-कनेक्टर उघडून बघा, प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर तिथे गरम होतंय. हेडलाईट चालू ठेवूनच मोजा. हीच चाचणी बाकीच्या तिन्ही गाड्यांवरही करा.

तिलाही एबीएस नाही. रोजच्या वापरासाठी तीही बाद.

टॉर्करेंच

सीबीआर ६५० आर कडे नीट बघा, कारण तुमच्या परिस्थितीत तिला एक फायदा आहे जो आर सिक्स आणि डेटोनाला नाही. ए-टू साठी रिस्ट्रिक्ट करायची गाडी मुळात ७० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची असून चालत नाही. सीबीआर ६५० आर बरोबर त्या मर्यादेत बसते, ९५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), म्हणजे ७० किलोवॅट. म्हणजे ही गाडी आजच्या लायसन्सवर आज घेऊन चालवता येते, आणि परीक्षा पास झाली की रिस्ट्रिक्शन काढायचं. आर सिक्स रिस्ट्रिक्ट केली तरी ए-टू वर कायदेशीर नाही, कारण तिची मूळ ताकद मर्यादेच्या बरीच वर आहे. कुणी 'सर्टिफिकेट देतो' म्हणालं तरी फसू नका.

डीलरला तीन गोष्टी लेखी विचारा: रिस्ट्रिक्शन कशाने केलंय, त्याचा कागद आहे का, आणि काढून देण्याचे किती पैसे. ते फुकट काढून देण्याची अट पावतीवर लिहून घ्या, व्यवहार होण्याआधी हे सहज मान्य होतं. काढल्याच्या दिवशी विमा कंपनीला कळवा. ४७ ची म्हणून विमा उतरवलेली गाडी ९५ ची निघाली तर क्लेम अडतो.

ही सीट ८१० मिलिमीटर, पाय नीट टेकतील. वजन २०८ किलोच्या आसपास, सीबी ५०० पेक्षा जड आहे, पार्किंगमध्ये जाणवेल. एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) आहे. दुखणी: चार एक्झॉस्ट पाईप समोर उघडे असतात, त्यांवर मीठ-पाणी बसून गंज धरतो. टॉर्च मारून पाईप जिथे इंजिनाला जोडलेत तिथले नट बघा. खाऊन गेलेले असतील तर पुढे कधी पाईप काढताना स्टड तुटतात. रेडिएटरच्या जाळीत खड्यांचे ठोके आणि हिरवट डाग बघा. मागच्या ब्रेकचा कॅलिपर हिवाळ्यात आखडतो, म्हणून मागचं चाक पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून धरणारा स्टँड) उचलून हाताने फिरवा. ब्रेक एकदा दाबून सोडला की लगेच मोकळं व्हायला हवं.

घाटवळण

कोटेशन काढले. आर सिक्सचा आकडा सीबीआरच्या अडीचपट आला, तोही ४५० पौंड एक्सेस (क्लेममध्ये स्वतः भरायची रक्कम) धरून. म्हणजे आर सिक्स बाद. मनाला लागलं, पण ठीक.

आता सीबीआर की आर सेव्हन? कॅटेगरी एन म्हणजे नेमकं काय? विकणारा म्हणतो 'फक्त फेअरिंग गेलं होतं'.

सोळा_हजार_आरपीएम

विमा कंपनीने गाडी राइट-ऑफ केली (दुरुस्ती परवडत नाही म्हणून सोडून दिली), पण सांगाड्याला मार नाही, असा कॅटेगरी एन चा अर्थ. सांगाड्याला मार असेल तर कॅटेगरी एस. ऑक्टोबर २०१७ पासून हे शिक्के आहेत, आधी सी आणि डी होते. एन मध्ये ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग यांना मार असू शकतो, त्यामुळे 'फक्त फेअरिंग' हे तो म्हणतोय म्हणून मानू नका. अपघातानंतरचे फोटो आणि बदललेल्या भागांची बिलं मागा. दोन्ही नसतील तर विषय संपला.

बिलं असतील तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मधले स्टॉपर बघा. फ्रेमवर जिथे स्टॉपर आपटतो तिथे चेचलेलं, वाकलेलं किंवा नवा रंग दिसला तर गाडी जोरात पडलीय. पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवा, मध्यभागी खाच लागली तर कोन सेट (स्टिअरिंगचे बेअरिंग) गेला. सरळ रेषेत मागून बघताना दोन्ही चाकं एका ओळीत दिसायला हवीत. आणि टेस्ट राइडवर सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा.

आर सेव्हन मूळची चांगली गाडी. ६८९ सीसी, ७३ पीएस, १८८ किलो, इंजिन एमटी ०७ चंच, खालपासून ओढ आहे, एबीएस आहे. पण बैठक सीबीआरपेक्षा बरीच पुढे झुकलेली, सीट ८३५. रविवारी मजा, रोज एम ६९ वर खांदे दुखणार. शिक्क्यामुळे पुढे विकतानाही किंमत कमीच येते, म्हणून बाजारभावापेक्षा किमान पंचवीस टक्के खाली नसेल तर घेऊ नये. ५,००० त्यात बसत नाही असं माझं मत.

ओलीवाट

सीबीआर बघायला जाण्यापूर्वी घरी बसून करायची कामं. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा (दरवर्षीची सक्तीची तपासणी) इतिहास फुकट बघा. पहिली एमओटी तीन वर्षांनी होते, म्हणजे २०१९ च्या गाडीचे २०२२ पासूनचे मैल दिसतील. दरवर्षी वाढत जायला हवेत. नुसता पास-नापास बघू नका, 'अॅडव्हायझरी' (पास असूनही नोंदवलेल्या सूचना) वाचा. तीच अॅडव्हायझरी दोन वर्षं सलग आली असेल तर मालक दुर्लक्ष करणारा. त्याच संकेतस्थळावर रिकॉलही (कंपनीने दोषासाठी परत बोलावलेल्या गाड्या) तपासा. शिवाय पैसे भरून एचपीआय तपासणी करा, त्यात थकलेलं कर्ज, चोरी, राइट-ऑफ कळतं.

डीलरला आधीच सांगा की इंजिन गार हवं. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाच्या केसिंगला हात लावा. गरम असेल तर अर्धा तास चहा घेऊन या.

पडल्याच्या खुणा: बार एंड, लिव्हरची टोकं, फूटरेस्टची खालची खुंटी, इंजिनाची बाजूची झाकणं. एका बाजूची खुंटी नवी आणि दुसरी झिजलेली असेल तर कारण विचारा. फेअरिंगचे स्क्रू एकसारखे आहेत का, आतले प्लास्टिकचे कान चिकटवलेत का.

ट्रॅकवर चालवल्याची खूण म्हणजे ऑइलचा ड्रेन बोल्ट किंवा कॅलिपरचे बोल्ट, ज्यांना तार ओवायला बारीक भोक पाडलेलं असतं. हे सीबीआरवर क्वचित दिसतं, सुपरस्पोर्टवर जास्त.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ११,००० मैलांच्या गाडीला मूळ टायर असतील तर खोली भरपूर दिसली तरी रबर कडक झालंय. कायद्याने १ मिलिमीटर पुरतो, पण मोटरवेवर पावसात जाणाऱ्याने २ च्या खाली जाऊ नये. मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर वळणात गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. जोडी बसवून २५० ते ३३० पौंड. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढा, दात अर्धा दिसला तर चेन-स्प्रॉकेट संच बदलायचा, मजुरीसह २०० च्या पुढे. ही रक्कम किमतीतून मागा.

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. तेलाची रेघ दिसली तर सील गेलं, खडा लागून खड्डा पडलेला असेल तर नवं सीलही फाटतं.

घाटवळण

डीलरशी बोललो. रिस्ट्रिक्शन फुकट काढून द्यायला तयार, लेखी देणार. सर्व्हिस बुकात ८,००० मैलांपर्यंतचे शिक्के आहेत, त्यापुढे नाही. टॅपेटचं काय?

टॉर्करेंच

या गाडीचे टॅपेट १६,००० मैलांना. तुमच्या वापराने पाच-सहा महिन्यांतच तिथे पोचाल, तो खर्च आत्ताच बाजूला काढा. ८,००० नंतर शिक्का नाही म्हणजे ३,००० मैल आणि कदाचित दोन हिवाळे एकाच ऑइलवर गेलेत. देण्याआधी ऑइल, फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड बदलून, बुकात शिक्का मारून द्यायला सांगा. ब्रेक फ्लुइडच्या डबीत रंग चहासारखा दिसत असेल तर ते काम झालेलं नाही.

व्ही फाइव्ह सी (गाडीच्या नोंदणीचा कागद) वरचा फ्रेम नंबर आणि स्टिअरिंगजवळ कोरलेला नंबर स्वतः अक्षर-अक्षर जुळवा. तो कागद मालकीचा पुरावा नसतो, म्हणून पावती वेगळी घ्या. रोड टॅक्स जुन्या मालकाबरोबर संपतो, तो डीलरच्या दारातून निघण्यापूर्वी फोनवरच भरा. दोन्ही किल्ल्या हातात आल्याशिवाय उरलेले पैसे पाठवू नका.