मदत हवी आहे: शाळेला जादा पैसे आलेत, टीव्ही घ्यायचा की वाचता न येणाऱ्या पोरांवर घालायचे?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. शनिवारी मीटिंग आहे, त्याच्या आत उत्तर मिळालं तर लई उपकार होतील.

आम्ही सोलापूरला अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. इकडं घरोघरी विड्या नाहीतर यंत्रमाग. मी गारमेंटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवते. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे आणि यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलंय. समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका लागतात असा कायदाच आहे, त्यात माझं नाव आलं.

शाळेचा पट ११८. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान असतं, १०० च्या वर २५० पर्यंत पटाला वर्षाला ५० हजार, ते एक. आणि पुण्यात नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ६० हजार दिलेत, ते दुसरं. देताना एवढंच बोलले की गरीब पोरांसाठी वापरा. आता मीटिंगमध्ये सगळे म्हणायलेत मोठा टीव्ही घेऊ, गेटला कमान करू, कमानीवर देणाऱ्यांची नावं घालू. मी म्हणलं वाचता येत नाही त्या पोरांचं काय, तर एक जण म्हणाले ते शिक्षकांचं काम आहे, त्याला पैसे कशाला.

माझ्या मनात काय आहे ते सांगते. शेजारची एक पोरगी आहे, माझ्या मुलाच्याच वर्गात. आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, ही शाळेतून आली की दप्तर टाकून कट्टे मोजायला बसते. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार, एक कट्टा इकडचा तिकडं होत नाही तिचा. घरी तेलुगू. परवा मुलाचं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं, वाच म्हणलं. ‘घ’ म्हणाली, थांबली. ‘र’ म्हणाली, परत थांबली. बोट अक्षरावरून उचलेना. मग बाजूच्या चित्राकडं बघून हळूच म्हणाली, ‘इल्लु’. तेलुगूत इल्लु म्हणजे घर. तिला घर कळलं होतं की ओ, फक्त ‘घ’ आणि ‘र’ जोडायला तिच्याजवळ कोण बसलंच नाही कधी.

सरांची परवानगी काढून मी तिसरी-चौथीच्या एकेका पोराकडून वाचून घेतलं. चौदा पोरं अशी निघाली. नऊ विडी आणि मागवाल्यांची, तीन तांड्यावरची, ती दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, आणि दोन भाऊ आहेत त्यांचं घरचं वेगळंच आहे, ते इथं लिहीत नाही. सर चांगले आहेत पण त्यांच्यामागं माहिती भरायचं काम इतकं की विचारू नका, आणि ऑडिटला काय दाखवू ही भीती.

मी स्वतः चौथीपर्यंत अशीच मागच्या रांगेत बसून होते. कुणी विचारलं नाही. वाचायला शिकले ते शिलाईच्या क्लासला, मापाची वही लिहावी लागली तेव्हा. म्हणून जीव तुटतो.

तर विचारायचं असं की या पैशातून शिकवायला कुणाला मानधन देता येतं का, आणि चौदा पोरं वेगळी काढली तर बाकीची पोरं त्यांना ‘ढ’ म्हणतील, त्याचं काय करायचं?

तांड्यावरचे गुरुजी: ताई, दोन्ही पैसे आधी मनातून वेगळे करा, सगळा घोळ तिथंच आहे. शाळा अनुदान हे दुरुस्ती, वीजबिल, इंटरनेट, पाणी, खेळाचं आणि शिकवायचं साहित्य यासाठी असतं, त्यातला १० टक्के भाग स्वच्छतेला. मानधन त्यात बसत नाही, सर घाबरतात ते बरोबरच आहे. पण वाचनाची पुस्तकं, शब्दकार्ड, फळे हे साहित्यात बसतं. मानधन माजी विद्यार्थ्यांच्या पैशातून द्या. त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या की ही रक्कम मुलांच्या वाचनासाठी दिली आहे, समितीचा ठराव करा, जमाखर्चाची वेगळी वही ठेवा, महिन्याला सही घेऊन पैसे द्या. मग ऑडिटला काय दाखवू हा प्रश्नच राहत नाही. आणि शाळा विकास आराखडा करणं हे शिक्षण हक्क कायद्यानं समितीचंच काम आहे, वाचनाचा विषय त्यात लिहून घ्या.

‘ढ’चं म्हणाल तर चौदा जणांना वेगळं काढूच नका. रोज एक तास तिसरी-चौथी पूर्ण मिसळायची आणि इयत्ता न बघता अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पातळीवर गट करायचे. ‘प्रथम’ नावाच्या संस्थेनं ही पद्धत बऱ्याच शाळांत वापरलीय. सगळीच पोरं उठून आपापल्या गटात जातात, मग कोण कुठं गेलं याचं कौतुक राहत नाही. महिन्यानं परत तपासायचं, पोरगं पुढं सरकलं की गट बदलायचा.

शेंगाचटणी: मला टीव्हीवाल्यांची पण बाजू कळते. इंग्लिश मिडीयमच्या गाड्या दारात येऊन पोरं घेऊन जातात, पट घसरला की शिक्षक कमी होतात, कमान आणि टीव्ही बघून चार पालक थांबतात हे मी डोळ्यानं बघितलंय. पण ६० हजार त्यात घालू नका. आमच्याकडं टीव्ही आहे, लावणारे सर बदलून गेले तसा कपड्याखाली झाकलेला आहे.

लेस्टरकर: माहेर सोलापूर, गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. इथं २०११ पासून ‘प्युपिल प्रीमियम’ म्हणून सरकार शाळेला जादा पैसे देतं. मागच्या सहा वर्षांत कधीही गरिबीमुळं शाळेत फुकट जेवण मिळालेलं मूल धरतात, २०२४-२५ ला प्रायमरीसाठी एका मुलामागं १,४८० पाउंड होते. मुलाच्या हातात काही देत नाहीत, शाळा ठरवते. पण ते पैसे कशावर आणि का घालतोय हे शाळेला दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत वेबसाइटवर लिहून टाकावं लागतं. ताई, तुम्हीपण एक कागद शाळेच्या फळ्याशेजारी लावाच. आज किती मुलं कुठल्या पातळीला आहेत, पैसे कशावर जाणार, परत कधी तपासणार, एवढं तीन ओळीत. नावं नाहीत, फक्त आकडे.

एक मात्र अनुभवानं सांगते. सुरुवातीला मला कच्च्या मुलांच्या शेजारी नुसतं बसवायचे. मुलगा अडला की मी सांगायचे, वही पूर्ण व्हायची, सगळे खूश, मुलाला काही यायचं नाही. उलट बाईंचं लक्ष त्याच्यावरून उठायचं कारण मी आहे ना तिथं. इथल्या अभ्यासांतही हेच निघालंय. फायदा झाला तो ठरलेला धडा घेऊन चार-पाच मुलांचा गट, अर्धा तास, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, दहा-बारा आठवडे केलं तेव्हा. आणि शिकवणारीला आधी नीट तयार करा, पहिला खर्च त्यावर.

तुमच्या त्या पोरीला ‘इल्लु’ चूक आहे असं कुणी म्हणू देऊ नका. स्टोरीवीव्हर म्हणून गोष्टींची वेबसाइट आहे, तिथं एकच गोष्ट तेलुगू आणि मराठी दोन्हीत फुकट मिळते, दोन्ही प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवा.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री परत परत वाचलं. आज सरांना दाखवलं, त्यांनी ठराव स्वतः लिहायला घेतला. पुण्यातल्या एकाला फोन केला तर तो म्हणाला कमानीवर नाव नको, पत्र संध्याकाळपर्यंत पाठवतो. आमच्याच गल्लीत डीएड झालेली एक सूनबाई आहे, तेलुगू घरचीच, दुपारी दोन तास द्यायला तयार आहे. महिना तीन हजार धरले तर आठ महिन्याचे २४ हजार, पुस्तकं-प्रिंटला दहा धरले तरी २६ उरतात. टीव्हीवाल्यांना म्हणणार आहे की उरलेल्याचं तीन महिन्यांनी पोरांची पातळी बघून ठरवू.

एक राहिलंच. तांड्यावरची तीन पोरं दिवाळीनंतर फडावर जाणार. दोघं आता शब्दाला आलीत, चार महिन्यांनी परत अक्षरावर येतील. गुरुजी, त्यांच्याबरोबर काय द्यावं? तिकडच्या शाळेत नाव घालायला कुणाला भेटायचं?