एका घरात दोन मुलं, दोन वेगळ्या दहाव्या: शाळा सोडून घरी शिकवणं बरोबर आहे का?

दोघांची आई, नाशिक

मोठी मुलगी पंधरा वर्षांची, धाकटा तेराचा. मुलीला डिस्लेक्सिया आहे हे आम्हाला ती पाचवीत असताना कळलं. वाचायला बसली की ओळ सुटते, 'ब'चा 'व' होतो, सातचा पाढा म्हणताना मधली दोन घरं गळतात. पण मिक्सर बंद पडला की पक्कड आणि टेस्टर घेऊन तीच बसते. गेल्या दिवाळीत तिनं आजीच्या खोलीतला जळका स्विचबोर्ड मामाच्या देखरेखीखाली पूर्ण बदलला. धाकट्यानं सातवीत असताना नववीचं बीजगणित संपवलं होतं. वर्गात तो गप्प बसून दिवस ढकलायचा आणि घरी येऊन बहिणीवर चिडचिड करायचा.

मागच्या जूनपासून दोघांनाही शाळेतून काढलं. पहिल्या तीन महिन्यांत मी मोठी चूक केली. फ्रिजवर वेळापत्रक लावलं, आठ ते नऊ मराठी, नऊ ते दहा विज्ञान, आणि घरातच शाळा भरवली. गणपतीच्या सुमारास एका दुपारी मुलगी म्हणाली, "आई, शाळेत निदान मधली सुट्टी तरी होती." तेव्हा मी तो कागद काढला.

आता मुलीचं नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसला, घातलं आहे. दहावीला पाच विषय लागतात, त्यात निदान एक भाषा. तिनं मराठी, इंग्रजी, गृहविज्ञान, चित्रकला आणि डेटा एंट्री घेतलं आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षात दोन परीक्षा असतात, नोंदणी पाच वर्षं चालते, एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतं. गणिताच्या नावानं तिच्या पोटात गोळा येतो, आणि तिथं गणित सक्तीचं नाही, म्हणून घेतलं नाही. धाकट्याला तिथं दहावीसाठी चौदा पूर्ण व्हावे लागतील, तोवर तो आपल्या गतीनं पुढे जातो आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की इतक्या वेगळ्या दोन मुलांना एकाच वयात, एकाच महिन्यात, तेच पेपर देऊन मोजणं हा दोघांवरही अन्याय आहे. नातेवाइकांपैकी कुणाला हे पटत नाही. इथं शिकवणारी आणि शिकलेली माणसं आहेत, म्हणून विचारते. स्पष्ट बोला.

निवृत्त गणित शिक्षक, सातारा

ताई, स्पष्ट बोला म्हणालात म्हणून लिहितो. मला हे चुकीचं वाटतं.

आधी मुलाबद्दल. चौतीस वर्षं मी आठवी ते दहावीला गणित शिकवलं. दर दोन-तीन वर्षांनी असा एखादा मुलगा भेटायचा, पुढच्या यत्तेचं पुस्तक संपवलेला. त्याला उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा फक्त उत्तरच येतं. "त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील तर समोरचे कोन समान का?" असं विचारलं की तो म्हणतो, "दिसतंच आहे ना." ते का दिसतं हे चार ओळींत लिहून दाखव, म्हटलं की अडतो. घरी एकटा पुढे धावणाऱ्या मुलाची ही उणीव पकडणार कोण? तुम्ही पकडू शकत असाल तर उत्तम. नसाल तर तो वेगात आहे असं तुम्हाला वाटत राहील आणि पाया मात्र पोकळ राहील.

दुसरं, कायदा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. पालकाला दंड सांगितलेला नाही हे खरं, पण शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कुणी दारात आलं तर काय सांगणार, याचा विचार करून ठेवा. मुलगी त्या वयातून बाहेर आहे, मुलगा नाही.

आणि तिसरं. वर्गात आवडणारी माणसं थोडी असतात, न आवडणारी जास्त. त्यांच्याबरोबर गट करून प्रयोगवही पूर्ण करणं हासुद्धा अभ्यासच आहे. तो घरात होत नाही.

विशेष शिक्षिका, ठाणे

सर, तुमचा पहिला मुद्दा मान्य. तिसऱ्यावर मात्र गप्प बसवत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या डिस्लेक्सियाच्या मुलांना न आवडणारी माणसं वर्गात रोज भेटतात, आणि त्यातून ती काही शिकत नाहीत. मोठ्यानं वाचायला उभं केलं की मागच्या बाकावरून हसू येतं. नववीतला एक मुलगा वाचनाच्या तासिकेआधी रोज पाणी प्यायला जायचा, आणि त्याचं कारण शिक्षकांना वर्षभर कळलं नाही.

ताई, तुम्हीही एक लक्षात घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचण, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे. लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस, आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळणं हा मुलीचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. आपल्या राज्य मंडळातही सवलती आहेत. अनेक शाळा त्या नीट सांगत नाहीत, अर्ज उशिरा करतात, लेखनिक परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधतात. यावर भांडता आलं असतं. भांडून दमल्यावर शाळा सोडली असेल तर समजू शकते. न भांडता सोडली असेल तर तुमच्यामागून येणाऱ्या पोरीला तीच शाळा तशीच मिळेल.

मुक्त विद्यालयातही सवलतीसाठी प्रमाणपत्र लागेलच. जुनं असेल तर पुन्हा तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातली तारीख लांबची मिळते, म्हणून आत्ताच नाव लावा.

दोघांची आई, नाशिक

भांडलो. दोन वर्षं. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापक म्हणाले, "एका मुलीसाठी किती करायचं?" मुलगी शेजारी उभी होती.

अंगणवाडी सेविका, बीड

तुमच्या दोघींचं वाचलं, वाईट वाटलं. पण माझं ऐका. आमच्याकडं मुलगी शाळेतून घरी बसली की आठ दिवसांत तिच्या हातात लाटणं येतं, महिन्यात धाकट्या भावंडांची अंघोळ तिच्याकडं जाते आणि वर्षात पाहुणे बघायला येतात. घरचे वाईट असतात म्हणून नाही. हात रिकामा दिसला की काम आपोआप त्याच्याकडं जातं. उसाच्या तोडीला आईबाप गेले की सहा महिने घर तिच्यावरच.

तुमच्या घरी तसं होणार नाही असं तुम्ही म्हणाल. मग सांगा, तुमच्या मुलीच्या पाच विषयांत गृहविज्ञान कसं आलं? आणि मुलाच्या वाट्याला बीजगणित? मी आरोप करत नाही, खरंच विचारते. शाळेत काही नसलं तरी गणिताच्या तासाला पोरगी आणि पोरगा एकाच खोलीत बसतात.

माझी पोरगी नववीला आहे. तिला गणितात अठ्ठावीस पडले. तरी मी तिला शाळेतच ठेवणार.

घरीच शिकलेली, वय २३

मी सातवीनंतर शाळेत गेले नाही. दहावी-बारावी एनआयओएसनं केली, नंतर पुण्यात पदवी. मला काय मिळालं ते आधी सांगते. पहाटे दोन तास तबला, दुपारी हवं ते वाचन आणि कशाचाही गृहपाठ म्हणून राग नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी सगळे व्याख्यानाला वैतागायचे, मी पहिल्या बाकावर बसायचे, कारण माझ्यासाठी ते नवं होतं.

काय गेलं तेही सांगते. सोळाव्या वर्षी माझ्या वयाची एकही मैत्रीण नव्हती. तबल्याच्या क्लासला मुलं होती, पण ती क्लास सुटला की शाळेतल्या गप्पा मारत जायची आणि मला त्यातलं काही कळायचं नाही. विज्ञानाचे प्रयोग मी अभ्यास केंद्रावर मोजक्या दिवसांत उरकले, त्यातला एकही आता आठवत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आई हीच शिक्षक होती. शाळेतल्या मुली बाईंवर चिडल्या की घरी येऊन आईला सांगायच्या. मी आईवर चिडले की कुणाला सांगायचं?

घरी शिकवा, पण तुम्ही शिकवू नका. प्रत्येक गोष्टीसाठी बाहेरचं माणूस शोधा. आणि मुलीला विचारलंत का? वरच्या सगळ्या लिखाणात तिचं एकच वाक्य आहे, तेही मधल्या सुट्टीबद्दल.

वसईचे एक बाबा

इतकं निराश होण्याचं कारण नाही. मुंबईची मालविका जोशी शाळा सोडून घरी शिकली आणि २०१६ मध्ये थेट अमेरिकेत एमआयटीला गेली. दहावी-बारावीच्या कागदांशिवाय! धाकट्याला मोकळं सोडा, तोही जाईल.

निवृत्त गणित शिक्षक, सातारा

हे उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं, आणि अर्धंच येतं. त्या मुलीकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती. इतकं असूनही बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आपल्या आयआयटीत तिला जागा नव्हती. मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण लाखात एकीच्या पदकांवर तेरा वर्षांच्या दुसऱ्या मुलाचं ओझं ठेवू नका. उद्या त्याला पदक मिळालं नाही तर तो स्वतःला नापास समजेल, आणि ती परीक्षा त्याची कुणी घेतलेलीसुद्धा नसेल.

शिल्प निदेशक, शासकीय आयटीआय

इथं मुलीच्या वायरिंगबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी वीजतंत्री शिकवतो.

ताई, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी गणित आणि विज्ञान घेऊन पास लागते. तुम्ही निवडलेल्या पाच विषयांत दोन्ही नाहीत. म्हणजे जी एक गोष्ट मुलगी हातानं उत्तम करते, त्याच ट्रेडचं दार तिच्या सोयीसाठी बंद केलं गेलं आहे. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसणार.

वायरमन ट्रेडला आठवी पास चालते आणि वय चौदा पूर्ण लागतं. ती आजही अर्ज करू शकते. दोन वर्षांचा ट्रेड आहे, काम खरं आहे. पण पुढे पर्यवेक्षक व्हायचं असेल, डिप्लोमाला जायचं असेल, तर गणित-विज्ञानाशिवाय पदोपदी अडेल.

आणि गणिताचं भय म्हणाल तर माझ्याकडे दरवर्षी भागाकार न येणारी मुलं येतात. ओहमचा नियम फळ्यावर लिहिला की डोकी खाली जातात. तेच दोनशे चाळीस व्होल्टला साठ वॅटचा दिवा लावून विचारलं, यातून किती करंट जाईल, की दुसऱ्या आठवड्यात पाव अँपिअर तोंडावर असतं. मीटर हातात असला की दशांश चिन्ह कुठं द्यायचं हे कळतं, कारण चुकलं तर फ्यूज उडतो.

शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. शाळेत न रमलेली मुलं तिथं राहून वेल्डिंग, वीज, शेती, बांधकाम असं सगळं हातानं शिकतात. एकदा मुलीला घेऊन नुसतं बघून या.

दोघांची आई, नाशिक

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण हे सगळं दोघांना वाचून दाखवलं.

बीडच्या ताई, तुमच्या प्रश्नावर मी रात्रभर जागी होते. गृहविज्ञान मीच सुचवलं होतं. सोपं जाईल म्हणून. मुलासाठी सोपं काय ते मी कधी शोधलंच नव्हतं, त्याला अवघड काय देता येईल तेच शोधत होते.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, शाळेत परत जायचं नाही. पण तू शिकवायचं नाहीस. पाबळ बघायचं आहे. आणि आयटीआयच्या सरांचा तो दिव्याचा प्रश्न तिनं कागदावर सोडवला. साठ भागिले दोनशे चाळीस आधी चार लिहिलं, मग खोडून पाव. मला विचारलं नाही. मग म्हणाली, गणित आणि विज्ञान दोन्ही घेते, पण सगळ्यात शेवटी, बाकीचे विषय सुटल्यावर. गृहविज्ञान आणि डेटा एंट्रीचा अर्ज बदलून घेतो आहोत.

धाकटा सरांवर रागावला आहे. समद्विभुज त्रिकोणाची सिद्धता त्यानं लिहून पाठवली आहे, खाली देते:

"शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला. तो पायाला मध्यात छेदतो. म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप. म्हणून कोन समान."

निवृत्त गणित शिक्षक, सातारा

लंब पायाला मध्यातच छेदतो हे त्यानं कशावरून घेतलं? तेच तर आधी सिद्ध करायला हवं. त्याला सांगा, लंब टाकला तर मध्याचं गृहीत धरू नको, कर्ण-भुजा कसोटीनं एकरूपता दाखव. किंवा पायाचा मध्य जोडला तर लंबाचं गृहीत धरू नको, तीन बाजूंवरून दाखव. दोन्ही रीतींनी लिहून पाठव म्हणावं.

माझं मत बदललेलं नाही. तो शाळेत असायला हवा. पण तोवर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी फोनवर असतो. तुम्ही शेजारी बसू नका.

अंगणवाडी सेविका, बीड

सर, त्याच तासाला माझी पोरगी बसली तर चालेल का? अठ्ठावीसवाली.

निवृत्त गणित शिक्षक, सातारा

दोघांना एकत्रच बसवू. वही-पेन घेऊन.