नांदेडची यात्रा : भाविकाची गावाशी ओळख होते का?

सह्यवासी :
नमस्कार. तीर्थयात्रेमुळे भिन्न संस्कृतींची माणसे एकमेकांना समजून घेतात, असे नेहमी वाचावयास मिळते. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने नांदेडला येणारे भाविक यात्री निवासात उतरतात, हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेतात, लंगरमध्ये जेवतात आणि परततात. या फेरीत मराठवाडा त्यांना कितपत कळत असेल? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

गोदाकाठ :
मी नांदेडचाच. आपली शंका रास्त आहे. गावाशी येणारा संबंध बहुधा रिक्षावाला आणि दुकानदार यांच्यापुरताच राहतो. (कामचलाऊ पंजाबी शिकतात ते आमचे रिक्षावालेच.) खरा वेगळेपणा भाविकाला भेटतो तो गुरुद्वाऱ्याच्या आत. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग येथेच ज्योतीज्योत समावले (म्हणजे त्यांचे देहावसान झाले), आणि येथील मर्यादा, म्हणजे पूजेची रीत, पंजाबातल्या रीतीहून निराळी राहिली. सेवेसाठी गोदावरीचे पाणी रोज घागरीतून आणले जाते, गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दसम ग्रंथाचाही (गुरू गोविंदसिंगांच्या नावे असलेल्या रचनांचा ग्रंथ) प्रकाश होतो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडून ठेवला जातो, आणि संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते. ‘शीख रहित मर्यादा’ या शिखांच्या आचारसंहितेला दिव्यांची आरती मान्य नाही; त्यामुळे ती प्रथमच पाहणारा पंजाबी भाविक बुचकळ्यात पडतो आणि शेजारी उभ्या असलेल्या दखनी (दख्खनेत स्थायिक झालेल्या) शिखाला कारण विचारतो. उत्तर देणारा अनेकदा अस्खलित मराठी बोलणारा असतो, हा त्याला बसणारा दुसरा धक्का.

पैलतीर :
मुद्दा पटला, परंतु ती एकाच धर्मातील दोन रीतींची गाठ झाली. उलट दिशेची यात्राही पाहावी. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला संत नामदेवांचे वास्तव्य होते, अशी परंपरा आहे. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८वे मराठी साहित्य संमेलन तेथे भरले आणि अनेक मराठी माणसांनी घुमान त्यानिमित्ताने पाहिले. विठ्ठलाशी लाडाने भांडणारे, पंढरीच्या पायरीशी विसावलेले नामदेव आपल्या परिचयाचे. तिकडच्या पदांतही बीठल येतो, पण तो मूर्तीत न मावणारा, सर्वत्र भरलेला. आपलेच संत दुसऱ्या समाजाने वेगळ्या अंगाने जपले आहेत, हे वारकऱ्याला तेथे डोके झाकून कीर्तन ऐकताना जाणवते आणि, माझ्या मते, थोडे खटकतेही. ते खटकणे दडपू नये.

सह्यवासी :
दोघांचेही आभार. होळीच्या हल्लाबोल मिरवणुकीच्या वेळी अशी विचारपूस जमते का?

गोदाकाठ :
त्या गर्दीत अवघडच. आडदिवशी यावे आणि लंगरमध्ये परशादे (पोळ्या) लाटावयास बसावे. तेथे शेजारची बाई ‘तुम्ही कुठले?’ असे विचारल्यावाचून राहत नाही.