ॲनाटॉमी शिकवणारे म्हणजे 'उरलेले' डॉक्टर?

सत्तरीकर
परवा म्हापशेकरांनी लिहिलं की एमडी ॲनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) ही कोणाला नको असलेली सीट, ज्यांना क्लिनिकल, म्हणजे पेशंट बघायची शाखा, मिळत नाही ते तिथे जातात, जन्मभर मेलेल्यांवर सुरी चालवतात, प्रमोशनसाठी हाडं मोजून पेपर छापतात आणि सरकार त्यांना पोसतं. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही.

मी एकवीस वर्षं ॲनाटॉमी शिकवतेय. सीट रिकाम्या राहतात हे खरंच आहे, २०२३ ला नीट पीजीचा, म्हणजे एमडीच्या प्रवेश परीक्षेचा, कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणायची पाळी आली, परीक्षा दिली तो पात्र. पण म्हणून त्या खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस नाइलाजाने बसलाय असं कोणी सांगितलं? मी ती सीट स्वतः मागून घेतली. आणि हे काम गोव्याला नवं नाही हो, पणजीत १८४२ साली मेडिकल स्कूल सुरू झालं तेव्हापासून इथे कोणीतरी पोरांना शरीर उघडून दाखवतंय.

आता 'हाडं मोजणं'. किडनीला एक धमनी जाते असं आपण सगळे शिकलो. प्रत्यक्षात साधारण चारातल्या एका माणसाला जास्तीची धमनी सापडते. किडनी देणाऱ्या माणसाच्या पोटात सर्जन हात घालतो तेव्हा ही गोष्ट माहीत नसेल तर काय होईल? ती माहिती आमच्यासारख्यांनी टेबलावर एकेक धमनी सोडवून, मोजून, लिहून ठेवलीय म्हणून आहे.

म्हापशेकर
ताई, तुमच्या कामाचा अपमान करायचा नव्हता, पण मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, मला आकडे कळतात. ऑर्थोवाला सरकारी नोकरी सोडून कधीही स्वतःचा दवाखाना टाकू शकतो, ॲनाटॉमीवाला काय टाकणार? खाजगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून मिळतो तो एनपीए भत्ता, बेसिकच्या २० टक्के, तो तर क्लिनिकलवाल्या सरकारी डॉक्टरलाही मिळतो. मग साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, कशाला? आणि पेपरांचं म्हणाल तर असोसिएट प्रोफेसर व्हायला दोन लागतात म्हणूनच लिहितात ना बहुतेक जण, हे तरी मान्य करा.

सत्तरीकर
करते. बहुतेक नाही, पण बरेच जण तसं लिहितात. मी स्वतः पहिला पेपर तसाच लिहिला, कोरड्या मांडीच्या हाडांवरची भोकं मोजून, आणि तो कोणाच्या उपयोगी पडला असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या पेपराला मात्र चार वर्षं लागली.

एमेस्सीवाला
इथे सगळे एमडीबद्दलच बोलताय. आम्ही एमबीबीएस न करता एमेस्सी मेडिकल ॲनाटॉमी करून पीएचडी केलेले लोक कुठे गेलो? आधी डिपार्टमेंटमध्ये ३० टक्के जागा आम्हाला चालायच्या, २०२० मध्ये एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, त्या १५ वर आणल्या. मी अकरा वर्षं शिकवत होतो, पोरं सुट्टीच्या दिवशीसुद्धा एम्ब्रियॉलॉजी (गर्भाची वाढ) समजून घ्यायला घरी यायची, आणि एक दिवस मॅनेजमेंटने बोलावून सांगितलं की तुमची पोस्ट आता मोजली जात नाही. एका बाजूला सीट भरत नाहीत म्हणून रडायचं आणि ज्यांना हाच विषय हवाय त्यांना हाकलायचं.

पर्वरीचा सर्जन
सर, वाईट वाटलं तरी सांगतो, ज्याने कधी पेशंट पाहिला नाही त्याने पहिल्या वर्षाच्या पोराला ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नसांचं जाळं, शिकवला की पोरगं फांद्या पाठ करतं, पण हात लुळा पडलेला माणूस समोर आला की त्याला काही सुचत नाही.

एमेस्सीवाला
तुम्हाला ब्रेकियल प्लेक्सस शिकवणारे एमडी होते का एमेस्सी, आठवतंय का?

पर्वरीचा सर्जन
एमेस्सी होते. आणि चांगले होते. माझा मुद्दा तरी तोच राहतो.

फोंडेकारीण
माफ करा, मधेच विचारते. तुम्ही शिकवता त्या बॉड्या येतात कुठून? माझ्या बाबांनी देहदानाचा फॉर्म भरला होता, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. चवथीच्या दुसऱ्या दिवशी गेले. मी फोन करायला घेतला तर थोरल्या काकांनी हातातून काढून घेतला, म्हणाले अग्नी दिल्याशिवाय गती नाही. काकीने तर देवळात जाऊन देवाला कौल लावला आणि उजवा, म्हणजे होकार, मिळाला नाही म्हणून रडत परत आली. संध्याकाळी दहन झालं. नऊ वर्षं झाली, बाबांचा तो फॉर्म अजून माझ्या कपाटात आहे.

डिचोलीचो
काका बरोबर होते. कौल मिळाला नाही तर विषय तिथेच संपला. मेल्यावर माणसाला टेबलावर उघडं ठेवून शंभर पोरांनी बघायचं, ही काय श्रद्धांजली? तुमच्या आईला ठेवाल का?

सत्तरीकर
ठेवीन. आई हो म्हणालीय. आणि कोणी बघत बसत नाही हो, दहा-पंधरा पोरं एका टेबलाभोवती उभी असतात, पहिल्या दिवशी हात जोडून शपथ घेतात की या देहाचा मान राखू. निम्म्यांचे डोळे भरलेले असतात, ते देह टिकवायच्या फॉर्मॅलिनने की कशाने ते मी कधी विचारलं नाही. त्या फॉर्मॅलिनलाच २००४ मध्ये कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलंय, तरी रोज आम्ही तिथेच उभे राहतो.

फोंडेकारीण, तुमचं काही चुकलं नाही. फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांनी नको म्हटलं की कॉलेज बॉडी नेत नाही.

डिचोलीचो
मग धर्माचं काय? बारावं कशावर करायचं?

काणकोणकार
माझ्या आजीच्या वेळी हाच प्रश्न आला. आमच्या भटजींनी स्वतः सांगितलं, देह हाताशी नसेल तेव्हा पालाशविधी असतो, पुरात वाहून गेलेल्यांचा करतात तसाच. दर्भाची आकृती करून सगळं रीतसर झालं. आजीचा देह गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, गेला, बारावंही झालं, जेवायला अख्खा वाडा होता.

डिचोलीचो
तो विधी देह सापडतच नाही तेव्हाचा. हातातला देह सोडून द्यायचा आणि मग दर्भ जाळायचा, हे मला पटत नाही. तुमच्या भटजींनी सांगितलं असेल तर असेल.

पर्वरीचा सर्जन
मला एकच सांगायचंय. २०२० ची बॅच, ज्यातली बरीच पोरं कोविडमुळे डिसेक्शनला, म्हणजे देह उघडून शिकायला, नीट बसलीच नाहीत, मोबाईलवर व्हिडिओ बघून पास झाली, त्यातली काही पुढे इंटर्न म्हणून माझ्याकडे होती. हुशार, एकही उत्तर चुकायचं नाही. पण ऑपरेशनला मदत करताना ऊतक किती ओढायचं, कुठे थांबायचं, हे बोटांना कळायला त्यांना फार वेळ लागला. डिचोलीचो, तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण ते टेबल रिकामं राहिलं की ती चूक नंतर जिवंत माणसाच्या पोटात होते.

फोंडेकारीण
बाबांचे डोळे तरी देता आले असते का?

सत्तरीकर
हो, सहा तासांच्या आत. आणि डोळे दिले तरी देहदान बहुतेक ठिकाणी चालतं. पोस्टमार्टम झालेलं असेल किंवा एचआयव्ही, कावीळ बी असेल तर नेत नाहीत. तुमचा स्वतःचा फॉर्म भरायचा असेल तर काकांना आधीच सांगून ठेवा, त्या दिवशी नको.

म्हापशेकर
देहदानावर एवढं बोलणं झालं, माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. पगाराचं काय, पुढे वाट काय?

सत्तरीकर
कमाई क्लिनिकलवाल्यापेक्षा कमीच राहील, खोटं सांगणार नाही. रात्रीचा फोन येत नाही. घाटावरच्या एका कॉलेजात मी होते तिथे अर्धे प्राध्यापक फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी दिसायचे आणि त्यांची लेक्चर्स आम्ही दोघं घ्यायचो, अशी जागा नशिबी आली तर दिवस वाईट जातात. हल्ली हजेरी चेहऱ्याने लागते, ते बरं झालं. रिसर्चचं म्हणाल तर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) बेसिक कोर्स आता शिकवणाऱ्यांना कम्पल्सरी आहे, निदान आकडे कसे वाचायचे हे तरी शिकवतात, आमच्या वेळी तेही नव्हतं. पण एक विचारू? तुम्ही हे इतकं खोदून का विचारताय?

म्हापशेकर
मुलीचं पीजी प्रवेशाचं कौन्सेलिंग चालू आहे. तिला एमडी मेडिसिन मिळतंय, गोव्याबाहेर. ती म्हणते ॲनाटॉमी घेते. रँक खाली आला म्हणून नाही, तिला तेच हवंय. घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोलत नाही.

सत्तरीकर
तिला माझा नंबर द्या. मेसेजमध्ये पाठवते.