क्लाउनफिशच्या जोडीने अंडी घातली तर पिल्लं वाढवायलाच हवीत का?

खारंपाणी_ठाणे
आमच्या ऑसेलारिस जातीच्या (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या) क्लाउनफिशच्या जोडीने तिसऱ्यांदा अंडी घातलीत, टँकमधल्या कुंडीच्या आतल्या बाजूला, नारिंगी दाण्यांचा रुपयाएवढा गोल. नर दिवसभर पंखांनी वारा घालतो, खराब झालेलं अंडं तोंडाने उचलून टाकतो. अंड्यांत रुपेरी डोळे चमकायला लागले की मला झोप लागत नाही. मागच्या दोन्ही वेळी लाईट बंद झाल्यावर रात्री पिल्लं सुटली आणि सकाळी एक पण दिसलं नाही, फिल्टरने खेचली नाहीतर बाकीच्यांनी खाल्ली. जोडी पाळायची तर पिल्लं वाढवायची तयारी हवीच असं माझं मत आहे. समुद्रातून पकडलेले क्लाउन अजूनही विकले जातात, घरात वाढलेल्या प्रत्येक पिल्लामागे तेवढी पकड कमी होईल.

मत्स्यवेडी_पुणे
अजिबात पटलं नाही. मी दोन बॅच वाढवल्यात म्हणून सांगते. पहिले पाच-सहा दिवस ती पिल्लं जिवंत रोटिफरच (पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव) खातात, आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांच्या तोंडात मावतच नाहीत. रोटिफर जगवायला हिरवं शेवाळपाणी लागतं, ते रोटिफरचं कल्चर (वाढवलेला साठा) कधीकधी एका रात्रीत मरून जातं आणि मग तुमच्यासमोर दोनशे जीव उपाशी मरतात. माझ्या पहिल्या बॅचचं हेच झालं, चौथ्या दिवशी तळाशी पांढरी धूळ दिसली, ती पिल्लं होती. समुद्रात पण बहुतेक पिल्लं कुणाच्या ना कुणाच्या पोटातच जातात, तुमच्या टँकमध्ये खाल्ली गेली तर त्यात पाप नाही. आणि पकड कमी करायची तर हॅचरीचे (पैदास केंद्रात वाढवलेले) मासे मागा, सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपमला क्लाउनची पैदास केव्हाच जमवलीय.

दर्याकाठ
अहो आधी जोडी तरी नीट जमवा. एका दुकानदाराने मला सारख्या आकाराचे दोन मोठे क्लाउन 'पेअर' म्हणून दिले, दोन्ही माद्या निघाल्या, आठवड्यात एकीचे पंख फाटून ती गेली. क्लाउनमध्ये आधी सगळे नर, जो मोठा आणि वरचढ तो मादी होतो, आणि मादी झाली की परत नर होत नाही. म्हणून एक मोठा एक लहान घ्या, नाहीतर दोन्ही लहान घेऊन त्यांचं त्यांना ठरवू द्या. लहान्याने मोठ्यापुढे आडवं होऊन अंग थरथरवलं की समजा जमलं. पण वाढवण्याबद्दल माझं मत ठाण्यावाल्यांच्या बाजूने आहे. बाई, पहिली बॅच गेली म्हणून तुम्ही दुसरी केलीच ना?

मत्स्यवेडी_पुणे
केली, पण सहा आठवडे आधी रोटिफर लावून, दोन वेगवेगळ्या बाटल्यांत. एकतीस पिल्लं जगली. दहाव्या दिवशी पहिला पांढरा पट्टा दिसला तेव्हा मी अक्षरशः रडले. म्हणूनच सांगते, तयारी नसेल तर अंडी उचलू नका.

खारंपाणी_ठाणे
तुमचं रोटिफरचं म्हणणं मान्य, माझ्याकडे कल्चर नाहीये. पण 'वाढवूच नका' हे मान्य नाही. ही बॅच सोडून देतो. जोडी साधारण दोन आठवड्यांनी परत अंडी घालते, तेवढ्यात रोटिफरच्या दोन बाटल्या तयार होतील का?

मत्स्यवेडी_पुणे
दोन आठवडे कमी पडतील. पुढची पण सोडा. त्याच्या पुढच्या वेळी या, कल्चर माझ्याकडचं घेऊन जा.