मागच्या बागेतील तणनाशकाबाबत ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव (ए-१०२): सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी मागच्या बागेत ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी होणार आहे. हे औषध फक्त वनस्पतींवर काम करते, मधमाश्यांना त्याचा त्रास नाही, असे विक्रेत्याने सांगितले आहे. हरकत असल्यास कळवावे.

कुलकर्णी (बी-४०४): सचिव साहेब, माझी हरकत आहे, मधमाश्यांसाठी आणि बागेतल्या मातीसाठीही. ग्लायफोसेट वनस्पतींतील ज्या जैविक प्रक्रियेत अडथळा आणते ती मधमाशीच्या शरीरात नसते, इथपर्यंत विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. परंतु तीच प्रक्रिया तिच्या आतड्यातील अनेक उपयुक्त जिवाणूंमध्ये असते. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांना २०१८ मध्ये असे आढळले, की ग्लायफोसेट दिलेल्या माश्यांच्या आतड्यातील स्नॉडग्रासेला हा जिवाणू घटतो आणि पुढे सेरेशिया या रोगजंतूचा संसर्ग झाल्यास त्या अधिक संख्येने मरतात.

काळे (ए-३०३): कुलकर्णीकाका, पण यात मातीचा संबंध कुठे आला? माश्या तर फुलांवर बसतात.

कुलकर्णी (बी-४०४): काळेताई, प्रश्न रास्त आहे. पोळ्यातील मधमाशीला हे जिवाणू मुख्यतः पोळ्यातल्याच इतर माश्यांकडून मिळतात, मातीतून नव्हे. मात्र मधमाशीच्या नात्यातल्या बहुतेक जाती पोळे बांधतच नाहीत, जमिनीत बीळ करून एकेकट्या राहतात. तुमच्या कुंडीतल्या वांग्याच्या फुलाला धरून गुणगुणत परागकण झाडणारी निळ्या पट्ट्यांची माशी त्यांपैकीच एक. तिची अळी मातीतच वाढते, त्यामुळे तिथल्या बुरशी-जिवाणूंशी तिचा जन्मापासूनच संबंध येतो. शिवाय मुळांशी राहणारी मायकोरायझा बुरशी झाडाला स्फुरद मिळवून देते आणि काही झाडांत त्याचा परिणाम फुलांच्या संख्येवर व मकरंदावरही दिसतो. अर्थात मातीतले सगळेच माशीचे सोयरे नसतात. ब्युव्हेरिया ही बुरशी कीटकांना मारते आणि जैविक कीटकनाशक म्हणून विकली जाते. म्हणून नुसता ‘जैविक’ शब्द वाचून तीही फुलांवर फवारू नये.

सचिव (ए-१०२): ठीक आहे, फवारणी रद्द करतो, माळीकाका खुरप्याने तण काढतील. कुंपणालगत पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव मात्र मंजूर झालेला आहे.

कुलकर्णी (बी-४०४): त्यातील पिंपळाकडची चार-पाच फुटांची उघडी पट्टी तेवढी वगळावी, ही विनंती. या माश्यांची पेन्सिल जाईल एवढी बिळे तिथेच आहेत.